राज्यकर्त्यांसाठीची प्रार्थना

रविवारच्या उपासनाक्रमाच्या दोनशे प्रती शनिवारी सकाळी छापून आल्या. शांतवन दुशिंग यांनी पहिली प्रत ओळीओळीनं वाचली. एकही चूक सापडली नाही, म्हणून त्यांनी तिचा फोटो काढून मंडळीच्या ग्रुपवर टाकला. विश्रांतवाडीच्या ख्रिस्ती मंडळीचे ते अठरा वर्षं सेक्रेटरी होते आणि त्या अठरा वर्षांत त्यांच्या हाताखालून चुकीचा छापील कागद गेला नव्हता.

चूक छपाईत नव्हती. सातव्या क्रमांकावर लिहिलं होतं: 'समर्पणविधी. भगिनी तनुजा दुशिंग, उमेदवार, महानगरपालिका निवडणूक. पाळकसाहेब व मंडळीचे वडील हात ठेवून प्रार्थना करतील. सर्वांनी उभे राहावे.' रविवारच्या शाळेच्या शिक्षिकांसाठी दर जूनमध्ये हाच मजकूर छापला जाई. शांतवननी जुनी फाइल उघडून शिक्षिकांची नावं काढली होती आणि पुतणीचं नाव घातलं होतं.

बारा वाजता तो फोटो धानोरीतल्या एका सोसायटीच्या ग्रुपवर पोचला. सातव्या क्रमांकाभोवती लाल गोल होता आणि खाली ओळ होती: 'उमेदवार आता चर्चमध्ये तयार होतात. गुरुवारी मत देताना लक्षात ठेवा.'

सलिलनं तो आजीच्या जिन्यात पाहिला. शनिवारचं दुपारचं जेवण आजीकडे, ही घरची रीत होती. तो दार ढकलून आत आला तेव्हा त्याचे वडील टेबलापाशी बसून दोनशे प्रतींना एकेक करून मधोमध घडी घालत होते.

"बाबा, हे तुम्ही टाकलंत?"

"मंडळीच्या ग्रुपवर टाकलं. बाहेर नाही."

"ग्रुपमध्ये तीनशे बारा जण आहेत."

"सगळे आपलेच."

"सगळ्यांना शेजारी आहेत, बाबा. ऑफिस आहे. एकानं फॉरवर्ड केलं की संपलं." त्यानं मोबाइल पुढे धरला.

शांतवननी लाल गोल नीट पाहिला. "फोटो स्वच्छ आलाय," ते म्हणाले.

सलिल सहा वर्षं खराडीत एका कंपनीत काम करत होता. दुशिंग म्हणजे कुठले, असं कुणी विचारलं की तो "नगरचे" म्हणे. ते खरं होतं आणि तेवढ्यावर भागत असे. तनुजानं अपक्ष उभं राहायचं ठरवलं त्या दिवशीच तो म्हणाला होता, "ताई, आपण आहोत किती? लो प्रोफाइल राहावं. चर्चला जावं, टॅक्स भरावा, घरी यावं." तनुजानं त्याला विचारलं होतं, "आणि घरासमोर कचरा साठला तर?" आज लाल गोलाकडे बघताना त्याला आपलंच बरोबर होतं असं वाटलं आणि त्यात काही आनंद नव्हता.

तनुजा पाच मिनिटांनी आली. शांतवनच्या वारलेल्या थोरल्या भावाची ही मुलगी अडतीस वर्षांची होती आणि शिवाजीनगरच्या कोर्टात वकिली करत होती. जन्मदाखले, रेशनकार्डं, भाडेकरार असल्या कामांसाठी अर्धा प्रभाग तिच्या घरी येऊन गेला होता. सकाळपासून तिनं चार सोसायट्या पायी केल्या होत्या. तिनं बसण्याआधी मोबाइल पाहिला, मग टेबलावरचा कागद पाहिला.

"काका, प्रार्थनास्थळ प्रचाराला वापरायचं नाही, हे आचारसंहितेत स्पष्ट आहे. माझ्याविरुद्ध उभ्या असलेल्या मच्छिंद्र शेलारनं हा कागद निवडणूक अधिकाऱ्याकडे नेला तर मला नोटीस येईल."

"प्रार्थना म्हणजे प्रचार?"

"माझं नाव, त्यापुढे उमेदवार, त्यापुढे निवडणूक. चिन्ह तेवढं छापायचं राहिलं."

"चिन्ह मी शेवटच्या सूचनांमध्ये घेतलंय," शांतवन म्हणाले.

स्वयंपाकघरातून हिराबाई बाहेर आल्या. एक्याऐंशी वर्षांच्या, महापालिकेच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, मंडळीच्या सहा वडिलांमध्ये, म्हणजे नेमलेल्या ज्येष्ठांमध्ये, एकट्या बाई. त्यांनी भाकरीची टोपली टेबलावर ठेवण्यासाठी उपासनाक्रमांचा गठ्ठा कोपरानं बाजूला सारला.

"आधी जेवा. भाकरीला आचारसंहिता लागू नाही."

पण जेवण सुरू झालं तरी शांतवन गप्प बसले नाहीत. दारूगोळ्याच्या कारखान्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, पण सोडून द्यायचीही नव्हती.

"गेल्या पावसाळ्यात आपल्या मंडळीतल्या टिंगूच्या ओट्यावर प्रार्थनासभा चालली होती. आजारी म्हातारीसाठी. चाळीस माणसं आली, बायबलं ओढून घेतली, धर्मांतर करता म्हणाली. आठवतंय ना? मी चौघा नगरसेवकांना फोन लावले. एकानंही उचलला नाही. का उचलतील? आपलं माणूस आत नाही. सहाशे दहा मतं आहेत आपली या प्रभागात आणि दर वेळी निम्मी घरी बसतात. वेदीसमोर त्यांच्या डोळ्यांदेखत हात ठेवला तर तीच माणसं गुरुवारी आठ वाजता रांगेत असतील. मी लोकांना ओळखतो."

"आणि धानोरी गावठाणातली मतं?" सलिल म्हणाला. "ती ताईनं दारोदार फिरून जमवलीत. हा फोटो बघून ती जातील."

"ती तशीही येणार नव्हती."

"तुम्हाला कसं माहीत?"

"तुला कसं माहीत? तू काल मतदार झालास."

तनुजा खाली बघून भाकरी मोडत होती. काकांचं गणित तिनं स्वतः तीनदा केलं होतं. मंडळीतली तीनशे मतं जास्तीची बाहेर पडली तर ती जिंकत होती. गावठाणातली दोनशे गेली तरी जिंकत होती. 'रविवारी आशीर्वाद घ्यायचाय,' असं काका आठवड्यापूर्वी म्हणाले तेव्हा तिनं पुढे काही विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं. ती वकील होती, कागद बघितल्याशिवाय ती कुणाची सही घेत नसे. या वेळी तिला बघायचं नव्हतं.

"पाळकसाहेबांना बोलावलंय मी," हिराबाई म्हणाल्या. "भरीत ठेवा त्यांच्यापुरतं."

रेव्हरंड रामदास बनसोडे दाराशी चपला काढतानाच घामाघूम दिसत होते. चौतिशीतला माणूस, या मंडळीत दुसरं वर्ष. "सलाम, आजी. सलाम, सेक्रेटरीसाहेब." सगळ्यांना सलाम करून झाल्यावर त्यांनी खुर्चीच्या टोकाशी बसून सांगितलं, "मला दोन फोन आले. एक म्हणाला विधी केलात तर तक्रार करू. दुसरा आपल्यातलाच, म्हणाला विधी केला नाहीत तर बदलीसाठी अर्ज करू."

"दोघांना एकमेकांचे नंबर द्या," हिराबाई म्हणाल्या.

"आजी, मी काय करू? कमिटीनं ठराव केलाय. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करावी असं शास्त्र सांगतं."

"करावीच. प्रार्थना माझ्याकडे आहे, आठव्या क्रमांकावर. उद्या माझी पाळी आहे."

मंडळीत मध्यस्थीची प्रार्थना सहा वडील पाळीपाळीनं करत. आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी, आणि दर रविवारी न चुकता राज्यकर्त्यांसाठी. बाकीचे पाच जण ती पुस्तकातून वाचत. हिराबाई पाळीच्या आठवड्यात त्या त्या माणसाकडे जात आणि विचारत, "तुमच्यासाठी काय मागू?" तीस वर्षं त्यांचा हा क्रम होता. वॉर्ड ऑफिसर, नगरसेवक, ठाण्याचा अंमलदार, जो अधिकारावर असेल तो. काही जण हसत, काही बसवून चहा देत. एका इन्स्पेक्टरनं बदली मागितली होती. महिन्याभरात झाली, गडचिरोलीला. तो हिराबाईंना अजून नाताळला फोन करी आणि आता काही मागू नका म्हणे.

"या वेळी चौघांकडे जाऊन आले," हिराबाई म्हणाल्या. "आपल्या जागेसाठी तनुजा सोडून जेवढे उभे आहेत तेवढ्या सगळ्यांकडे. गुरुवारी यांच्यातलाच एक राज्यकर्ता होणार. नंतर धावाधाव कशाला?"

शांतवनचा घास हातात राहिला. "मच्छिंद्र शेलारकडे गेलीस?"

"बुधवारी. रिक्षानं."

"ज्याची माणसं आपल्याविरुद्ध हे पसरवतायत, त्याच्या ऑफिसात?"

"चहा चांगला होता."

"आई, लोक काय म्हणतील? उमेदवाराची आजी समोरच्याकडे जाऊन चहा पिते!"

"म्हणतील म्हातारी सगळीकडे चहा पिते. शांतवन, तुला एक विचारते. हात ठेवायचा तर एकीवरच का? पाच जण आहेत. पाचांनाही बोलवा, पाचांवरही ठेवा. पाळकसाहेबांना हात दोनच आहेत, पण आपण सहा वडील आहोत, पुरवून घेऊ."

सलिल हसला आणि वडिलांनी बघितल्यावर थांबला.

"थट्टा नको," शांतवन म्हणाले. आता त्यांचा आवाज खरोखर खाली आला होता. "आपलं एक माणूस आत जावं, एवढंच मागतोय मी. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या दारात उभे राहिलो. दादा असता तर त्याला पोरीचा अभिमान वाटला असता."

"अभिमान मलाही वाटतो. पण आत गेल्यावर ती फक्त आपली राहून चालायचं नाही, बाळा. राहिली तर तिनं काम चुकवलं असं होईल. आणि मंडळीनं आधीच शिक्का मारून पाठवली, तर ती दुसरी कुणाची होणार कशी?" हिराबाईंनी पुढ्यातलं ताट सरळ केलं. "सातवा क्रमांक कमिटीचा आहे, मी तो खोडणार नाही. पण गुडघे टेकायचे की नाहीत ते कमिटी ठरवू शकत नाही. ते जिचे गुडघे तिनं ठरवायचं."

सगळ्यांनी तनुजाकडे पाहिलं. तिनं उठून ताट उचललं आणि आत गेली.

हिराबाई तिच्यामागे गेल्या. तनुजा नळाखाली ताट धरून उभी होती. पाणी ताटावरून वाहून जात होतं आणि ती धूत नव्हती.

"चौघांना विचारून झालं. तू राहिलीस. तुझ्यासाठी काय मागू?"

"मला निवडून यायचंय, आजी. ते माग."

"तेवढं सोडून. ते सगळ्यांनीच सांगितलं, आणि जागा एक आहे."

तनुजानं नळ बंद केला. "मग मला भीती वाटते ते माग. हरायची भीती. सगळ्यांसमोर, नाव पुकारून, आकड्यानिशी. आणि जिंकायची पण. जिंकले तर माझ्या तोंडाकडे बघून लोक म्हणतील, ही त्यांची. मंडळीतले म्हणतील ही आमची. मला दोन्ही नकोय आणि मतं मात्र दोन्हीकडची हवीयत. मी खोटी आहे ना?"

"नाही. दमली आहेस. हे उद्या मोठ्यानं म्हणू?"

"नको."

"बरं. म्हणणार नाही." त्यांनी तिच्या हातातलं ताट घेतलं आणि स्वतः विसळलं.

रविवारी सकाळी हिराबाई सहा वाजता उठून पांढरं लुगडं नेसल्या. पाळीच्या दिवशी त्यांना नवऱ्याची आठवण येई. सत्यवान मास्तरांनी पंचाहत्तर साली, आणीबाणीत, याच मंडळीत राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना केली होती. तुरुंगात घातलेल्यांची सुटका होवो आणि तुरुंगात घालणाऱ्यांना झोप लागो, असं त्यांनी एका दमात मागितलं होतं. सोमवारी दोन शिपाई घरी आले. सरकारसाठी प्रार्थना केली की सरकारविरुद्ध, असं त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, "सरकारसाठीच. ज्याच्यासाठी देवाकडे मागावं लागतं तो स्वतः देव नसतो, एवढंच त्यातून निघतं." शिपायांना काय लिहून घ्यावं ते कळेना. पुढच्या वर्षी मास्तरांचं हेडमास्तर होणं राहिलं आणि ते त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. हिराबाई तेव्हा एकतीस वर्षांच्या होत्या आणि नवऱ्यावर महिनाभर चिडून होत्या. राग कधी गेला ते त्यांना सांगता आलं नसतं.

साडेआठला ख्रिस्तमंदिर भरलं होतं. एरवी मागचे चार बाक रिकामे असत, आज माणसं भिंतीला टेकून उभी होती. शांतवननी दारात उपासनाक्रम वाटले आणि शेवटची प्रत देताना वर पाहिलं, तर समोर मच्छिंद्र शेलार. पांढरा शर्ट, हातात टोपी, बरोबर मोबाइल घेतलेला एक कार्यकर्ता.

"बसू का मागं? आजींनी बोलावलंय."

"बसा," शांतवन म्हणाले. देवाच्या घरातून कुणाला बाहेर काढायचं नसतं, म्हणून म्हणाले. कार्यकर्त्यानं पहिल्या गीतापासूनच मोबाइल उंच धरला होता. पुरावा गोळा करायला आलेत, हे शांतवनना दिसत होतं. सातव्या क्रमांकाला काय होणार हेही दिसत होतं, आणि तरी त्यांना तो व्हायला हवा होता. येऊ दे नोटीस. सहाशे माणसं उभी राहिलेली एकदा दिसू देत.

सहावा क्रमांक संपला. पाळकसाहेबांनी कागदाकडे पाहिलं, मग पहिल्या बाकाकडे. "समर्पणविधी," ते म्हणाले. आवाज कोरडा होता. "भगिनी तनुजा."

बाकं सरकल्याचा आवाज झाला. मंडळी उभी राहिली. तनुजा पुढे गेली, वेदीच्या पायरीपाशी थांबली आणि वळून लोकांसमोर उभी राहिली. पायरीवर लाल मखमलीची उशी ठेवलेली होती. तिनं ती उचलून बाजूच्या खुर्चीवर ठेवली.

"आपण बसा सगळे," ती म्हणाली. कोर्टात बोलते तसं, फार मोठ्यानं नाही. "हा विधी शिक्षिकांचा आहे. त्यांना मंडळी नेमते, म्हणून मंडळी त्यांच्यावर हात ठेवते. मला मंडळीनं नेमलेलं नाही. नेमायचं की नाही ते गुरुवारी प्रभाग ठरवेल, त्यात तुम्ही आहात आणि तुम्ही नसलेलेही आहेत. काकांनी हे प्रेमानं केलं. मला आधी कळलं होतं आणि मी गप्प राहिले, ती चूक माझी. पाळकसाहेब, पुढच्या क्रमांकावर चला."

ती जागेवर जाऊन बसली. शांतवन एकटेच उभे राहिले होते. सलिल बाकाच्या टोकाशी होता, त्यानं हात वर करून वडिलांची बाही धरली आणि हलकेच ओढली. ते बसले. मुलानं हात काढला नाही.

हिराबाई वेदीशी न जाता मधल्या वाटेवर उभ्या राहिल्या. हातात पुस्तक नव्हतं. आजारी माणसं झाली, प्रवासातली झाली. मग त्या राज्यकर्त्यांकडे आल्या.

"प्रभू, या प्रभागातून एका जागेला पाच जण उभे आहेत. मी पाचांकडे जाऊन आले. त्यांनी सांगितलं आणि इथं म्हणायची परवानगी दिली, तेवढंच म्हणते. कल्याणी उभी राहिली म्हणून तिचे वडील तिच्याशी चार महिने बोललेले नाहीत. त्यांना बोलतं कर. चेतनचे गुडघे दुखतात. निदान प्रचार संपेपर्यंत त्याला जिने चढू दे." कुणीतरी दबकं हसलं. "तनुजानं मागितलेलं मी तुला काल सांगितलं आहे. बाळ जोगळेकर सातव्यांदा उभे आहेत. ते म्हणाले, काही मागू नका, विचारायला आलात हेच पुष्कळ. तरी मी मागते. मच्छिंद्रच्या आई मुक्ताबाई वर्षभर त्याला ओळखत नाहीत, त्याच्या वारलेल्या भावाच्या नावानं त्याला हाक मारतात. एकदा तरी त्याला स्वतःच्या नावानं हाक ऐकू येऊ दे. आणि यांच्यातला जो निवडून येईल त्याला आमचं ऐकायची बुद्धी दे, आणि आम्हाला त्याच्या तोंडावर खरं बोलायची. आमेन."

"आमेन," मंडळी म्हणाली.

शांतवननी मागे पाहिलं. कार्यकर्त्याचा मोबाइल अजून वरच होता. मच्छिंद्र शेलार मांडीवरच्या टोपीकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

बाराव्या क्रमांकाला सूचना. शांतवन कागद घेऊन पुढे गेले. नाताळात हरवलेला डबा, महिलांची सभा, पाळकसाहेबांचा बदललेला फोन नंबर. शेवटचा परिच्छेद त्यांनी शुक्रवारी दोन तास बसून लिहिला होता. त्यात चिन्ह होतं, यादीतला क्रमांक होता आणि थोरल्या भावाचं नाव होतं. त्यांनी तो मनात एकदा वाचला. समोर पहिल्या बाकावर पुतणी बसली होती आणि ती त्यांच्याकडे विनवणीनं बघत नव्हती, नुसती बघत होती.

"गुरुवारी मतदान आहे," ते म्हणाले. "सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. सगळ्यांनी जावं. कुणाला द्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं." कागदाची घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली. "सूचना संपल्या."

बाहेर मांडवात चहा होता. सलिल तनुजापाशी गेला. "गुरुवारी सुट्टी टाकलीय मी," तो म्हणाला. "बूथवर बसायला कुणी कमी असेल तर."

"तू? लो प्रोफाइल?"

"बस का, ताई."

तो गुरुवारी गावठाणाच्या शाळेतल्या बूथवर दिवसभर बसला, गळ्यात तिच्या नावाचा बिल्ला घालून. दुपारी शेजारच्या पक्षाच्या एजंटानं त्याला विचारलं, दुशिंग म्हणजे कुठले. "विश्रांतवाडीचे," सलिल म्हणाला. "ख्रिस्ती. उमेदवार माझी बहीण." एजंटानं डब्यातली पोळी पुढे केली.

शुक्रवारी दुपारी निकाल लागला. मच्छिंद्र शेलार निवडून आला. तनुजा एकसष्ट मतांनी पडली.

शांतवननी एजंटांच्या खुणा केलेल्या याद्या घेऊन संध्याकाळपर्यंत हिशेब केला. मंडळीतले तीनशे चौऱ्याऐंशी जण मतदानाला गेले होते, गेल्या वेळेपेक्षा थोडे अधिक. दोनशे सव्वीस घरी बसले. गावठाणातल्या ज्या तीन बूथवर तिला कुणी पन्नास मतंही धरली नव्हती, तिथं तिला दोनशे नव्वद मिळाली होती. ते याद्या घेऊन आईकडे गेले आणि टेबलावर ठेवल्या.

"एकसष्ट, आई. घरी बसलेल्यांतले एकसष्ट मी नावानिशी सांगू शकतो. घर नंबरासकट."

"माहीत आहे तू सांगू शकतोस."

"हात ठेवला असता तर आले असते."

"आले असते," हिराबाई म्हणाल्या.

त्यांनी बचाव केला नाही. मग शांतवन दोन बोटं गावठाणाच्या यादीवर ठेवून म्हणाले, "हे दोनशे नव्वद कोण असतील गं?" आणि खुर्ची पुढे ओढून एकेक नाव वाचू लागले.

तनुजा दोन दिवस घरात होती. शनिवारी ती आजीकडे जेवायलाही गेली नाही. तिनं फोन उचलले नाहीत, आलेले सांत्वनाचे मेसेज वाचले नाहीत. सोमवारी सकाळी कोर्टात जाण्याआधी ती मच्छिंद्र शेलारच्या ऑफिसात गेली. बाहेर हारांचा ढीग होता. आत बसलेल्या माणसांनी तिला ओळखलं आणि बोलणं थांबवलं.

मच्छिंद्र खुर्चीतून उठला. "या वकीलबाई, बसा. ए, चहा सांग रे."

"आई कशा आहेत?"

"तशीच हाय." त्यानं खुर्ची सरळ केली. "सकाळी पुन्हा दादाच्याच नावानं हाक मारली. पण मारती, तेवढं हाय."

तनुजानं पिशवीतून अर्ज काढून टेबलावर ठेवला. त्यावर चार गल्ल्यांची नावं होती, घरांची संख्या होती, नळाला पाणी किती मिनिटं येतं ते वारांप्रमाणे लिहिलं होतं. नगरसेवकाकडे आलेला हा पहिलाच अर्ज होता. मच्छिंद्रनं चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला, मग पुन्हा वरून पाहिला.

"तुम्ही हरल्यावर लगेच कामाला लागला."

"पाणी निकालासाठी थांबलेलं नाही."

त्यानं गल्ल्यांवर बोट फिरवलं. "यातल्या दोन तर माझ्याच हायेत. तिथं तुम्हाला धा मतं पण न्हाईत. या कशाला घातल्या तुम्ही?"

"शेलारसाहेब," तनुजा म्हणाली, "आता चारही तुमच्याच आहेत."